कवडशाची किल्ली

ऐक ना, आधी नुसतं ऐकून घे. मधेच "पण मग तिने असं का नाही केलं" सुरू करायचं नाही. शेवटी मीच तुला विचारणार आहे, तेव्हा बोल हवं तेवढं.

तर पद्मजा मगदूम. मिरजेच्या बाहेर जुनी सूतगिरणी होती ना, तिथे आता उपग्रह केंद्र आहे, तिथे ती कामाला. काम काय, तर 'कवडसा' नावाचा उपग्रह आहे, त्याचं इंधन सांभाळायचं. वर आता मोडक्या उपग्रहांचा एवढा कचरा झालाय की कवडशाला सारखं बाजूला सरकावं लागतं. दोन हजार सदतीस साली तो वर गेला तेव्हा लोकांना वाटलं होतं, वर्षातून दोन-तीनदा सरकलं की भागेल. आता त्रेचाळीसमध्ये महिन्यालाच तीनदा. प्रत्येक वेळी पद्मजा बटण दाबणार, टाकीतलं थोडं इंधन जळणार, आणि एक तारखेला ही सगळ्या केंद्राला मेल पाठवणार की टाकीत इतके किलो उरले. सहा वर्षांत त्या मेलला एकच उत्तर आलं, तेही चुकून. त्या माणसाला कँटीनला मेल करायचा होता.

आणि तिची नणंद त्रिशला. पद्मजाच्या नवऱ्याची, सन्मतीची, थोरली बहीण. त्याच केंद्रात, पण वरच्या मजल्यावर, शास्त्रज्ञांत. डॉक्टर त्रिशला मगदूम. केंद्रात सगळे मॅडम म्हणतात, पद्मजा ताई म्हणते, आणि दोघींचं घर एकच. त्रिशलाने लग्न केलं नाही, करायचंही नव्हतं. बाई हुशार, म्हणजे भयंकरच हुशार, आणि तेवढीच वैताग आणणारी. चहा जिथे संपेल तिथे कप ठेवणार. समोरच्याचं वाक्य स्वतःच पुरं करणार, आणि चुकीचं पुरं करणार. पण हेही सांगायला हवं, की लग्न झाल्यावर अण्णा, म्हणजे पद्मजाचे सासरे, "आता नोकरी कशाला" म्हणाले, तेव्हा भरल्या ताटावरून उठली ती त्रिशलाच. "ती जाणार नसेल तर मीही उद्यापासून घरात बसते, मग दोघी मिळून तुमचं डोकं खातो." संपला विषय. त्यामुळे पद्मजाला तिच्यावर धड रागावताही येत नाही. राग आला की ते ताट आठवतं.

आता कवडसा करतो काय ते दोन मिनिटं ऐक, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. फार मोठा तारा मरतो ना, तेव्हा त्याचा गाभा आतल्या आत ढासळतो आणि दोन्ही अंगांनी झोत सुटतात. त्यातल्या एखाद्याचं तोंड आपल्याकडे असलं, तर काही सेकंद गॅमा किरणांचा नुसता लखलखाट, यालाच हे लोक स्फोट म्हणतात. हे होतं अब्जावधी प्रकाशवर्षं लांब, आणि तरी आपल्या यंत्रांचे डोळे दिपतात. पण तो झोत एवढा नेम धरल्यासारखा सरळ कसा सुटतो, त्याला बांधून कोण ठेवतं, हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. काही म्हणायचे, गाभ्यातून निघालेलं चुंबकक्षेत्र असतं, केस विंचरल्यासारखं एका दिशेत. त्रिशला यांच्यातली. काही म्हणायचे, छे, आत सगळा गुंता असतो.

हे ठरवायचं किरणांच्या थरथरण्यावरून. किरण म्हणजे लाट, आणि लाट आडवी थरथरते. क्षेत्र विंचरलेलं असेल तर सगळे किरण एकाच दिशेत थरथरणार, वारा सुटला की उसाचा फड कसा एका अंगाला डोलतो, तसे. गुंता असेल तर ज्याचं त्याचं वेगळं. याला म्हणतात ध्रुवीकरण. साध्या उजेडाचं ध्रुवीकरण गॉगलच्या काचेनेही कळतं, पण गॅमा किरण काचेला कुठला जुमानतोय. म्हणून कवडशात प्लॅस्टिकच्या शेकडो बारीक कांड्या उभ्या केल्यात. किरण एका कांडीतल्या इलेक्ट्रॉनला धडकतो, कॅरमचा स्ट्रायकर सोंगटीला लागून वळतो तसा वळतो, आणि दुसऱ्या कांडीत जाऊन पडतो. आणि तो ज्या दिशेत थरथरत असतो तिकडे सहसा वळत नाही, तिच्या काटकोनात वळतो. मग असे पाच-सहाशे किरण कुठे कुठे वळले ते मोजायचं. एका अंगाला जास्त आणि एका अंगाला कमी निघाले, की कळली थरथरण्याची दिशा.

पण किरण काय फक्त कांड्यांवरच पडतात का? उपग्रहाच्या पत्र्यावर, तारांवर, टाकीवर आपटून ते बाजूनेही आत घुसतात आणि मोजणी बिघडवतात. म्हणून काँप्युटरमध्ये अख्खा उपग्रह स्क्रूपासून उभा केलेला असतो. कुठल्या भागावरून किती किरण उडून आत येतील ते तो सांगतो, तेवढी दुरुस्ती करायची. त्या नकली उपग्रहाला हे लोक 'जुळा' म्हणतात. जुळा एकदा पूर्ण चालवायला तीन आठवडे लागतात, त्यामुळे त्याला कुणी उगाच हात लावत नाही; तो चालवायचं काम त्रिशलाच्या हाताखालच्या दीपककडे.

आणि आता किल्ली. या विषयात पूर्वी फार भांडणं झालेली. मोजायला किरण थोडे, त्यामुळे ज्याला जे हवं ते त्याला दिसायचं. म्हणून जगभर नियम झाला की उत्तर आंधळं ठेवायचं. जुळ्याची दुरुस्ती करून जो कोन निघेल त्यात कुणीतरी एक गुपित आकडा मिसळणार, आणि शास्त्रज्ञांना तो भेसळीचा कोनच दिसणार. आपली पद्धत पक्की, आता काही बदलणार नाही, असं त्यांनी लिहून दिलं की ती झाली गोठवणी. मग हे आकडे ज्यात ठेवलेले असतात तो काँप्युटरमधला कुलूपबंद डबा सगळ्यांसमोर उघडायचा, गुपित आकडे वजा करायचे आणि जे निघेल ते छापायचं. नंतर काडीचाही बदल नाही. आणि गोठवणीच्या आधी गुपित फुटलं, तर ते सगळे स्फोट बाद, कायमचे.

मिरजेत हा आकडा काढायची रीत भारी आहे. काँप्युटरने काढला तर वरच्या मजल्यावरची पोरं तो शोधतील, अशी केंद्राच्या प्रमुखांना, केळुसकर सरांना, धास्ती. म्हणून त्यांनी बाजारातून हाऊजीची पिशवी आणली. नव्वद सोंगट्या. थरथरण्याची दिशा शून्य ते एकशेऐंशी अंशांतच बसते, तर सोंगटीवरच्या आकड्याची दुप्पट केली की झाला गुपित कोन. नवा स्फोट आला की पिशवीत हात घालायचा, एक सोंगटी काढायची, आकडा डब्यात भरायचा, वहीत लिहायचा, वही कपाटात. आणि हे करायचं कुणी, डब्याची किल्ली सांभाळायची कुणी, तर पद्मजाने. का, तर भर मीटिंगमध्ये त्रिशलाच म्हणाली, "पद्मजाला द्या किल्ली. तिला यातलं काही कळत नाही." सगळे हसले. पद्मजाही हसली. घरी येऊन तिने कुकरचं झाकण जरा जोरातच लावलं.

सहा वर्षांत एक्केचाळीस चांगले स्फोट जमले. त्रिशलाला प्रत्येकात दणदणीत ध्रुवीकरण सापडलं. म्हणजे चुंबकक्षेत्र विंचरलेलं, म्हणजे तिचंच म्हणणं खरं. वर ती अभिमानाने सांगायची, "सुरुवातीच्या स्फोटांत कमी दिसायचं, दर वर्षी जास्त ठळक दिसतंय, आमचा हात बसत चाललाय." शुक्रवारी पाच वाजता गोठवणी, रविवारी अकरा वाजता डबा उघडणार. अण्णांनी जयसिंगपूरच्या पाहुण्यांना दोन जीप सांगून ठेवल्या, दहा किलो भडंग सांगितलं.

आणि त्या आठवड्याचा सोमवार. त्रिशलाचं काम घरीही सुटत नाही, भेसळीचे कोन ती कागदावर लिहून फ्रिजवर लावायची, येता-जाता डोळ्यांसमोर असावेत म्हणून. गुपित आकड्याशिवाय त्यांना काही अर्थच नाही, मग लावले तर बिघडलं कुठे. किल्लीवालीने निकाल बघायचे नाहीत हा नियम होता, पण नियमात फ्रिज नव्हता. सकाळी दूध तापत ठेवून पद्मजा उभी. समोर तो कागद. शेवटचा कोन एकशेबारा. त्या स्फोटाला तिने चौतीसची सोंगटी काढलेली, गेल्याच आठवड्यात. दुप्पट अडुसष्ट. एकशेबारातून अडुसष्ट गेले, चव्वेचाळीस. त्याच्या वरचा एकसष्ट. त्याला सोंगटी होती नऊ, म्हणजे अठरा वजा, त्रेचाळीस. त्याच्या वरचा सात. त्याला एकाहत्तर, दुप्पट एकशेबेचाळीस. आता हा एकशेऐंशी ओलांडून फिरून आलेला, म्हणजे सात नाही, एकशेसत्याऐंशी. वजा केले, पंचेचाळीस.

दूध उतू गेलं.

तिला आकडे विसरता येत नाहीत, हाच तिचा घोळ. गॅस पुसता पुसता तिने त्या कागदावर होते तेवढे सगळे काढले, अकरा. सगळे एक्केचाळीस ते सत्तेचाळीसच्या मधे. आणि हा कोन आकाशातला नाही हां, कवडशाच्या स्वतःच्या अंगापासून मोजलेला. आता विचार कर. कुठल्या कुठल्या टोकाचे तारे, एकमेकांना माहीतही नाहीत, आणि सगळ्यांनी मिरजेच्या उपग्रहाशी बरोबर पंचेचाळीस अंश धरून मरायचं? असं होत नाही. ते ताऱ्यांचं थरथरणं नव्हतंच, ते उपग्रहाचं स्वतःचंच काहीतरी होतं. आणि उपग्रहाच्या पंचेचाळीस अंशांवर, बरोबर कोपऱ्यात, काय आहे हे पद्मजाइतकं कुणाला माहीत असणार? इंधनाची टाकी. पहिल्या दिवशी तिच्यात बासष्ट किलो होतं, आज एकोणीस. जुळा बांधला पहिल्या दिवशी. म्हणजे जुळा अजून भरलेल्या टाकीवरून येणारे किरण धरून दुरुस्ती करतोय, आणि खरी टाकी दर महिन्याला रिकामी होतेय. म्हणूनच ते ध्रुवीकरण दर वर्षी जास्त ठळक. हात बसत नव्हता, टाकी संपत होती.

बरं, आता करायचं काय? सांगितलं तर गुपित फुटलं, एक्केचाळीस स्फोट बाद, पुन्हा सहा वर्षं. गप्प बसलं तर रविवारी दोन जीप पाहुण्यांसमोर डबा उघडणार, पडद्यावर एक्केचाळीस वेळा पंचेचाळीस येणार, आणि नियमाप्रमाणे तेच छापायचं. वाट एकच होती. शुक्रवारी पाचच्या आत त्रिशलाला स्वतःहून ते दिसायला हवं. मग ती गोठवणी थांबवणार, जुळा तीन आठवडे पुन्हा चालवणार, सगळे स्फोट शाबूत. पण स्वतःहून. किल्लीवालीकडून एक अक्षर कळता कामा नये.

पद्मजाने मंगळवारी टाकीचा मेल पुन्हा पाठवला, वर 'अत्यंत महत्त्वाचं' लिहून. बुधवारी अजून एकदा. मगदूमांकडे अण्णा आणि सासूबाई सूर्यास्ताच्या आत जेवतात, म्हणून सहा वाजता सगळे ताटावर.

"ताई, माझा मेल बघितलात का? टाकीचा."

"कसली टाकी?"

"गच्चीवरची व्हय?" सासूबाई म्हणाल्या. "गळतीय म्हणून मी कवाची सांगतीय. सन्मती, त्या प्लंबरला फोन कर की रे."

"आई, गच्चीवरची नाही, उपग्रहाची."

"मग तिथं कुठला प्लंबर जाणार."

त्रिशला भाकरी मोडत मोबाईल बघत होती. "पद्मा, तुमच्या खात्याचे मेल माझ्याकडे वेगळ्या कप्प्यात जातात. अकराशे पडलेत. रविवार होऊ दे, मग तुझी टाकी, तुझे मेल, सगळं निवांत बघते."

"रविवारनंतर काय उपयोग?"

"का, रविवारी टाकी फुटणार आहे का?"

अण्णा हसले. पद्मजाने आमटी वाढली. सन्मतीला सांगावं तर त्याच्या पोटात काही राहत नाही, दहा मिनिटांत बहिणीला कळवणार. त्याने नुसतं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला, "हे बघ, तुमच्या दोघींच्यात मला घेऊ नका."

गुरुवारी ती केळुसकर सरांकडे गेली.

"सर, एक विचारायचं होतं. समजा, किल्लीवालीला..."

"समजा म्हणू नकोस." सरांनी खरंच कानावर हात ठेवले. "तू समजा म्हटलंस की मला कळलं. मला कळलं की मला लिहावं लागतं. मी लिहिलं की संपलं सगळं. जा, चहा पी."

"मग मी किल्ली सोडते."

"सोड की. शुक्रवारी पाचनंतर सोड."

म्हणजे तू बघ, शहाणीसुरती माणसं सगळी, आणि एकाचंही दार उघडं नाही. मग तिला सुचलं, आपण इंधनाचं खातं आहोत ना, कागद काढायचा हक्क आपला आहे. तिने एक फॉर्म केला. वर छापलेलं, 'आज टाकीत शिल्लक: १९ किलो.' खाली रिकामी चौकट, 'तुमच्या कामात टाकीत किती इंधन धरलं आहे?' आणि सही. एकट्या त्रिशलाला दिला तर डोळ्यांवर येईल, म्हणून सगळ्या खात्यांना वाटला. कँटीनलासुद्धा गेला. कँटीनने पहिला भरून दिला, 'दोन सिलिंडर, एक रिकामा.' बाकीच्यांनी 'आमचा संबंध नाही' लिहिलं. त्रिशलाचा शुक्रवारी तीन वाजता आला. चौकटीत मोठ्या ठसठशीत अक्षरात, ६२. खाली झोकदार सही.

पद्मजा तो कागद हातात धरून बसली. वर एकोणीस, खाली बासष्ट. मग उठली आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली. त्रिशलाच्या खोलीत तिचे तीन विद्यार्थी होते, रविवारी कोण कुठे बसणार ते चाललेलं.

"ताई, हा फॉर्म वाचून भरलात का?"

"आकडा आहे, सही आहे. अजून काय, फोटो डकवू?"

पोरं हसली.

"वर काय छापलंय ते वाचलंत?"

"पद्मजा, दोन तासांवर गोठवणी आलीय. तू तुझी टाकी मोज ना बाई. मी येते का तुला सांगायला, असं मोज, तसं मोज?"

इथे तिचा बांध फुटला. पाच दिवसांचा, की सहा वर्षांचा, काय माहीत. आवाजही चढला नाही तिचा, उलट बारीक झाला.

"वर एकोणीस आहे. खाली तुम्ही बासष्ट लिहिलंय. एकाच कागदावर, चार बोटांच्या अंतरावर. बहात्तर महिने मी हा आकडा पाठवतेय, ताई. एकदा वाचा. एकदाच."

त्रिशलाने कागद ओढून घेतला, आणि तिचा चेहरा बदलत गेला. सांगितलं ना, बाई भयंकर हुशार. चार सेकंद लागले असतील.

"पोरांनो, चहा पिऊन या."

पोरं गेली. त्रिशलाने पेन्सिल घेतली, कागदाच्या मागे उपग्रहाचा चौकोन काढला, कोपऱ्यात गोल काढला. "जुळा पहिल्या दिवशीचा," ती स्वतःशीच म्हणाली. "मला वाटलं टाकी दीपक बदलतोय. दीपकला वाटलं मी." मग चौकोनाच्या कडेपासून गोलापर्यंत रेघ मारली आणि वर बघितलं. "पद्मा. कोन पंचेचाळीस येतायत?"

पद्मजाने नजर खाली वळवली.

"सगळे?"

पद्मजा फरशीकडे बघत राहिली. 'नाही' म्हटलं असतं तर खोटं, 'हो' म्हटलं तर संपलं, आणि गप्प बसली तर तेही हो म्हटल्यासारखंच. त्रिशला उठली, दार लावलं, आणि एकदम शांत, मऊ आवाजात बोलायला लागली. असं ती घरी कधी बोलत नाही.

"मी काही विचारलं नाही. तू काही बोलली नाहीस. तू तुझ्या खात्याचा फॉर्म घेऊन आलीस, मी दोन आकडे बघितले, माझी चूक माझ्या लक्षात आली. यात खोटं काही आहे?"

"नाही."

"टाकी खरंच रिकामी आहे ना?"

"आहे."

"मग मी चूक दुरुस्त करतेय. उत्तर मला हवं तसं वळवत नाहीये. कदाचित दुरुस्त केल्यावर ध्रुवीकरण उरणारच नाही, माझंच म्हणणं खोटं पडेल. पडू दे. पण निदान खरं काय ते तरी कळेल की नाही? सहा वर्षं, पद्मा."

आणि हे सगळं बरोबर होतं बघ. एक शब्द खोडून काढता येत नव्हता.

साडेचारला केळुसकर सर आले. गोठवणी तीन आठवडे पुढे, जुळ्यात बदल, मंजूर. फक्त इतक्या शेवटच्या क्षणी बदल म्हटलं की किल्लीवालीची सही लागते. छापील ओळ होती, 'हा बदल करताना किल्लीधारकाकडून कुणालाही, कोणत्याही प्रकारे, काहीही कळलेलं नाही.' सरांनी पेन पुढे केलं. त्रिशला खिडकीपाशी उभी, पाठ करून.

पद्मजाने पेन घेतलं. तिच्या डोक्यात काय चाललं असेल ते बघ. फॉर्ममध्ये गुपित काहीच नव्हतं, दोन्ही आकडे उघड. पण फॉर्म काढला का, तर कोन बघितले म्हणून. कोन वेडेवाकडे पसरलेले दिसले असते, तर सातव्या वर्षीही तिने मेल पाठवण्यापलीकडे काही केलं नसतं. आणि जुळ्यात अजून दहा चुका असतील, कोण जाणे, एखादी दुसऱ्या अंगाला ओढणारी. त्या कुणी शोधल्या? सापडली ती एकच, जिचं उत्तर तिच्या डोळ्यांना वाईट दिसलं. नेमकं याच्यासाठी तर ते आंधळं ठेवणं होतं. उद्या कवडशाच्या मोजणीवरून कुणी काही ठरवलं, की ते हिच्या या सहीवर उभं राहणार. आणि दुसरीकडे ते ताट. त्या दिवशी त्रिशला उठली नसती, तर आज हे पेन धरायला ही इथे असती का?

"सर, फॉर्म मी का काढला, ते लिहायला यात जागा आहे?"

"नाही गं. फक्त सही."

तिने समासात बारीक अक्षरात लिहिलं, 'मी घरी फ्रिजवर लावलेले कोन वाचले आणि सोंगट्यांचे आकडे वजा केले. म्हणून फॉर्म काढला.' आणि त्याच्याखाली सही केली.

सरांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. "फ्रिज?" एवढंच म्हणाले.

त्रिशला वळली. कागद वाचायला पुढे आलीसुद्धा नाही, सरांच्या तोंडावरूनच तिला कळलं. पद्मजाला वाटलं ही आता ओरडेल, पण ती ओरडली नाही. म्हणाली, "तुला यातलं खरंच काही कळत नसतं ना, तर बरं झालं असतं."

एक्केचाळीस स्फोट बाद झाले. रविवारी जीप थांबवता आल्या नाहीत, पाहुणे आले, दहा किलो भडंग खाल्लं, आणि काय झालं ते कुणी विचारलं नाही म्हणजे सगळ्यांना कळलेलं होतं. सासूबाई पाटावर बसून म्हणाल्या, "नुसती सही करायला हात मोडला होता का गं तुझा?" आणि पाहुण्यांतली एक आत्या दुसरीच्या कानात, "जळत होती वाटतं." हे पद्मजाने स्वतःच्या कानांनी ऐकलं. त्यांना काय सांगणार ती? हाऊजीपासून सुरू करणार का?

किल्ली आता कँटीनच्या रफीकचाचांकडे आहे. त्रिशलाने जुळा दुरुस्त करून घेतला, नवे स्फोट मोजायला सुरुवात केली. निदान चाळीस लागतात. म्हणजे सहा वर्षं. आणि टाकीत उरलंय ते ज्या वेगाने जळतंय, फार तर अडीच वर्षं पुरेल. आता कचऱ्याचा तुकडा जवळ आला की पद्मजा बटण दाबते, आणि दाबताना तिला माहीत असतं की हा गेला त्रिशलाचा एखादा स्फोट. न दाबावं तर उपग्रहच जायचा. घरी त्रिशला तिच्याशी बोलत नाही. "आई, तिला सांग मीठ दे," असं चालतं, मीठ पद्मजाच्या हाताशी असतं तरी. फक्त एक तारखेला ती जिना उतरून खाली येते, टेबलासमोर उभी राहते आणि विचारते, "किती?" पद्मजा सांगते, "सतरा पूर्णांक दोन." ती हातातल्या कागदावर लिहून घेते आणि जाते. खुर्ची ओढून दिली तरी बसत नाही.

सन्मती परवा म्हणाला, तू बरोबर केलंस. पद्मजा म्हणाली, मला नको सांगूस, जाऊन तिला सांग. तो गेला नाही.

आता बोल तू. टाकी तर खरोखरच रिकामी होती ना? मग तुझ्यासमोर तो कागद असता, पलीकडे पाठ करून ती उभी असती, तर तू नुसती सही केली असतीस का?